एक यंत्र आणि अनेक धनी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून, हे इतिहासाचे व्याख्यान आहे की यंत्रांच्या दुकानदाराची जाहिरात, असा संशय कित्येकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. घरातील दोन-तीन संगणक आणि चार-पाच मोबाइल ह्यांनी मिळून एकच प्रिंटर कसा वापरावा, येवढाच तो विषय. अमरावतीस किंवा अकोल्यास आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून असा एखादा प्रिंटर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, धूळ बसू नये म्हणून जुन्या टेबलक्लॉथखाली झाकून ठेवलेला आढळतो. मुलांचे शाळेचे प्रकल्प, आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, शेताचा सातबारा आणि घरच्या लग्नाची यादी ही सर्व त्याच एका तोंडातून बाहेर पडतात. ही सोय नवी खरी. परंतु एका यंत्रावर अनेकांचा हक्क असला म्हणजे जे पेच उत्पन्न होतात, ते मात्र मुळीच नवे नाहीत. वऱ्हाडात त्यांचा माग काढावयाचा, तर छापखान्याच्याही मागे, थेट तेराव्या शतकात जावे लागते.

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. गोविंदप्रभूंचे हे स्थान. चक्रधरस्वामी उत्तरापंथास गेल्यानंतर त्यांच्या शिष्यांचा मेळा येथे जमला, आणि नागदेवाचार्यांच्या सांगण्यावरून म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्यास आरंभ केला. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली असेल त्याच्याकडे स्वतः जाऊन ती उतरून घ्यावयाची, असा हा उद्योग होता. त्यातून सुमारे १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली व शिष्यांनी आपापल्या स्मरणावरून ती पुन्हा उभी केली, असे पंथाची परंपरा सांगते. लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आढळतात त्याचे कारण हेच होय. जेथे प्रत करणारा हात एकच असतो आणि मूळही एकच असते, तेथे एका धाडीत सर्वस्व जाते, हे त्या मंडळींना फार मोठी किंमत देऊन कळले.

ह्यानंतर महानुभावांनी जे केले ते आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत मनोवेधक आहे. त्यांनी प्रती वाढविल्या. परंतु त्या वाचण्याचा अधिकार मात्र वाढविला नाही. सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत त्यांनी पोथ्या लिहिल्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असते. किल्ली ठाऊक असणाऱ्यास ती सहज वाचता येते, इतरांस ती निव्वळ निरर्थक अक्षरांची रांग दिसते. पोथी मठामठांतून, पंजाबापर्यंत हिंडली, पण तिच्यातील मजकूर पंथाबाहेरच्या माणसास शेकडो वर्षे बंदच राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी ह्या लिपीचा उलगडा केला. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे ह्यांनी १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि हरि नारायण नेने ह्यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागशः छापून काढले. आता त्याच रिद्धपुरास २०२३ च्या कायद्याने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. आज घरातील संगणकाकडून प्रिंटरकडे मजकूर जातो तो देखील, यंत्र नीट लावलेले असल्यास, सांकेतिक रूपातच जातो. वाटेत कोणी तो पकडला तरी त्याच्या हाती अक्षरांची अशीच एक निरर्थक रांग लागते. नीट लावलेले नसल्यास काय होते, ते पुढे येईलच.

छापण्याची कला मराठीस तशी उशिरा लाभली. श्रीरामपूर येथे १८०५ साली केरी ह्यांचे मराठी भाषेचे व्याकरण निघाले. मुंबईस गणपत कृष्णाजी ह्यांनी शिळाछापावर पंचांग काढले ते १८३१ साली. वऱ्हाडात छापखाना आला तो आगगाडीच्या मागून आला, असे म्हणावयास हरकत नाही. १८५३ च्या तहाने निझामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर येथल्या कापसास सोन्याचा भाव आला. आणि १८६७ मध्ये लोहमार्ग भुसावळहून अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोहोचला. कचेऱ्या आल्या, वकील आले, कापसाच्या अडत्यांच्या पेढ्या आल्या, आणि ह्या सर्वांना लागणारा छापील कागद आला. अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' निघू लागले, अमरावतीहून 'प्रमोदसिंधु' निघाले. 'शुद्ध वऱ्हाडी' व 'वैदर्भ' ही अकोल्याचीच. आज ह्या पत्रांची नावे देखील फार थोड्यांच्या स्मरणात असतील.

ह्या छापखान्यांचे अर्थशास्त्र ध्यानात घेण्यासारखे आहे. साप्ताहिकास यंत्र लागते ते आठवड्यातून एक-दोन दिवस. उरलेले दिवस ते रिकामे ठेवणे कोणाही मालकास परवडणारे नसते. म्हणून जे यंत्र बुधवारी सरकारावर टीका छापी, तेच गुरुवारी लग्नपत्रिका, शुक्रवारी वकिलांचे अर्ज, आणि हंगामात अडत्यांच्या पावत्या छापी. देवनागरी खिळ्यांची पेटी म्हणजे इंग्रजी पेटीच्या कित्येक पट मोठे प्रकरण. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे ह्यांचे खण शेकड्यांनी मोजावयाचे. एक जुळारी एका मजकुरात गुंतला म्हणजे त्याने वापरलेले खिळे दुसऱ्यास मिळत नसत. छापून झाल्यावर खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणांत टाकीपर्यंत दुसऱ्याचे काम अडून राही. त्यात आणखी वऱ्हाडचा उन्हाळा! शाई लावावयाचा रूळ त्या काळी सरस आणि काकवी ह्यांच्या मिश्रणाचा ओतीत असत. वैशाखातील दुपारी तो मऊ पडून चिकटे व छपाई पहाटे उरकून घ्यावी लागे. हल्लीच्या घरगुती इंकजेट यंत्रांत रूळ नाही, परंतु अकोल्याच्या मे महिन्यात पंधरा दिवस यंत्र न वापरले तर शाईची सूक्ष्म छिद्रे सुकून बंद होतात, आणि नेमक्या जूनमधील प्रवेशाच्या दिवशी कागदावर पांढरे पट्टे उमटतात. आठवड्यातून एकदा एखादे रंगीत पान छापणे हाच त्यावर उपाय.

एका यंत्राच्या अनेक धन्यांचे महाराष्ट्रातील सर्वात प्रसिद्ध उदाहरण मात्र पुण्याचे आहे. आणि ते येथे सांगावयाचे कारण असे की त्याचा शेवटचा अंक अमरावतीस झाला. १८८१ च्या जानेवारीत २ तारखेस इंग्रजी 'मराठा' व ४ तारखेस मराठी 'केसरी' अशी दोन पत्रे चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृती मंडळींनी सुरू केली. दोन्ही एकाच आर्यभूषण छापखान्यात छापली जात. छापखाना हलविताना खिळ्यांच्या पेट्या ह्या पदवीधरांनी स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या, ही आठवण सर्वश्रुत आहे. एक इंग्रजी, एक मराठी, एक रविवारी, एक मंगळवारी, यंत्र एकच. १८९७ च्या जूनमध्ये 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची ह्यांच्यासमोर आरोपी म्हणून दोघे उभे होते. टिळकांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. दुसरे होते केशव महादेव बाळ, मुद्रक. त्यांनी तो मजकूर लिहिला नव्हता. त्यांच्या यंत्रावर तो छापला गेला होता येवढेच. ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. टिळकांना सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवून अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. शंकरन् नायर हे अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे हे स्वागताध्यक्ष; आणि टिळक तुरुंगात. सुरेंद्रनाथ बॅनर्जी ह्यांनी त्या मंडपात टिळकांविषयी जे उद्गार काढले त्यांनी सारी सभा हेलावून गेली. मुद्रक बाळ ह्यांच्याविषयी कोणी काही बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. सुटलेल्या माणसाविषयी बोलावयाचे तरी काय, असे वाटले असेल. पण तीन महिन्यांपूर्वी त्या मनुष्यावर काय प्रसंग गुदरला होता ह्याची कल्पना वऱ्हाडातील प्रत्येक छापखानेवाल्यास त्या दिवशी असली पाहिजे.

कारण हा केवळ एका माणसाचा प्रश्न नव्हता. १८६७ सालच्या पंचविसाव्या कायद्याने असे ठरविले होते की ज्याच्यापाशी छापण्याचे यंत्र असेल त्याने मॅजिस्ट्रेटपुढे तसे प्रतिज्ञापत्र करावे, आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण असलेच पाहिजे. पुढे १९१० च्या प्रेस ॲक्टाने त्यास दात बसविले. नवा छापखाना घालणाऱ्याकडून पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार सरकारास मिळाला. आक्षेपार्ह काही छापले गेल्यास तो जामीन जप्त, आणि पुन्हा तसे घडल्यास यंत्रही जप्त. म्हणजे काय झाले पाहा. शंभर गिऱ्हाइकांपैकी एकाने एक जळजळीत पत्रक छापून घेतले, की उरलेल्या नव्याण्णवांच्या लग्नपत्रिका, पावत्या आणि अर्ज बंद. मालक मग प्रत्येक मजकूर आधी वाचून पाहू लागला. सरकारने एकही परीक्षक नेमला नाही. प्रत्येक छापखान्याचा धनीच भीतीने परीक्षक झाला. माझ्या मते त्या कायद्याचा खरा जुलूम जप्तीपेक्षा ह्यातच होता.

म्हणूनच पुढच्या पिढीस जे यंत्र प्रिय झाले ते अगदी लहान, कोणाच्याही माळ्यावर मावणारे होते. डेव्हिड गेस्टेटनर ह्यांनी लंडनमध्ये १८८१ साली सायक्लोस्टाइलचे पेटंट घेतले. मेणकागदावर टोकदार लेखणीने लिहावयाचे, त्यातून शाई झिरपते आणि खालच्या कागदावर अक्षर उमटते. इंग्रजीस ह्याचा उपयोग कचेरीपुरता. मराठीस मात्र हे मोठेच वरदान ठरले, कारण येथे खिळ्यांचे शेकडो खण लागत नाहीत, हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उठते. १९४२ च्या ऑगस्टात गांधीजींचे 'हरिजन' बंद पडले ते १९४६ पर्यंत. अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा येथे त्याच ऑगस्टात लोकांवर गोळ्या झाडण्यात आल्या. देशभर गुप्त पत्रके निघाली ती बहुतांशी ह्याच यंत्रावर, घरांतून, रात्री. (आमच्या नभोवाणीसही ह्या इतिहासात एक कोपरा आहे: मुंबईस उषा मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनी चालविलेली गुप्त काँग्रेस रेडिओ १९४२ च्या नोव्हेंबरात पकडली गेली.) सायक्लोस्टाइलवर मुद्रकाचे नाव नसे. पुरावा असे तो बोटांच्या शाईचा.

आता आपणास थोडा वेळ सातासमुद्रापलीकडे जावे लागेल. घरातील संगणकांचे जाळे आधी झाले आणि प्रिंटर त्यास मागाहून जोडला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत गॅरी स्टार्कवेदर ह्यांनी १९७१ च्या सुमारास लेसर किरणांनी छापणारे यंत्र तयार केले. ते सेकंदास एक पान छापी. यंत्र येवढे चपळ आणि येवढे महाग, की एका माणसाच्या टेबलावर ते ठेवणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. शाळेतील प्रत्येकापुढे स्वतंत्र संगणक येणार होता. त्या सर्वांना ह्या एका यंत्रापर्यंत पोहोचता आले पाहिजे, म्हणून बॉब मेटकाफ ह्यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात ज्या जाळ्याची योजना मांडली तेच ईथरनेट. आज आपल्या घरी भिंतीतून जी तार राउटरपर्यंत येते तिचे कूळ हे असे आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी ह्याच कंपनीच्या एका यंत्राने दुसरा एक इतिहास घडविला, आणि तो तर निव्वळ कागद अडकल्यामुळे. अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत सर्वांचा मिळून एक प्रिंटर होता. माणसे एका मजल्यावर, यंत्र दुसऱ्या मजल्यावर. तासाभराने कागद आणावयास जावे तो यंत्र पहिल्याच पानावर अडकलेले. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी जुन्या यंत्रासाठी अशी युक्ती केली होती की कागद अडकला म्हणजे ज्यांचे ज्यांचे काम खोळंबले असेल त्या सर्वांच्या पडद्यावर सूचना यावी. १९८० च्या सुमारास नवा लेसर प्रिंटर आला, परंतु त्याचा मूळ प्रोग्रॅम कंपनीने दिला नाही. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकापाशी तो होता, त्याने गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून नकार दिला. एका साध्या सार्वजनिक गैरसोयीवर उपाय करण्यास आपल्यास बंदी आहे, ही गोष्ट स्टॉलमन ह्यांच्या मनास फार लागली. १९८३ च्या सप्टेंबरात त्यांनी मुक्त संगणकप्रणालीची जी चळवळ घोषित केली, तिच्या मुळाशी हा अडकलेला कागद होता असे ते स्वतः सांगत आले आहेत.

घरगुती व्यवहाराकडे हे शास्त्र वळले ते पायरीपायरीने. १९८५ साली ॲपलचा लेसररायटर आला. त्याची किंमत ६,९९५ डॉलर, म्हणून अनेक संगणकांनी मिळून तो वापरावा अशी तजवीज मुळातच केलेली होती. १९९२ मध्ये विंडोजच्या एका आवृत्तीने शेजारच्या टेबलावरील प्रिंटर आपलासा करण्याची सोय साध्या कचेऱ्यांना दिली. १९९९ मध्ये इंटरनेट छपाईचा सर्वमान्य शिष्टाचार लिखित झाला, आणि २०१० पासून मोबाइलवरून, कोणताही जादा प्रोग्रॅम न घालता छापता येऊ लागले.

मराठी घरास मात्र ह्यात एक निराळीच अडचण होती, आणि ती यंत्राची नव्हे, लिपीची. निरनिराळ्या कंपन्यांच्या मराठी फाँटांत एकच अक्षर निरनिराळ्या क्रमांकावर बसविलेले असे. अमरावतीच्या दुकानात टंकलिखित केलेला अर्ज घरच्या संगणकावर उघडावा, तो सकळ लिपीतील पोथी बरी वाटावी अशी इंग्रजी चिन्हांची खिचडी! भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली सरकारी मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीस स्थान मिळाले. परंतु सामान्य घरातल्या संगणकास युनिकोड देवनागरी नीट दाखविता व छापता येऊ लागली ती २००० नंतर. आजही जुना मजकूर छापावयाचा असेल तर तो पी. डी. एफ. करून पाठवावा, म्हणजे अक्षरांचे वळण मजकुराबरोबरच जाते व फाँट नाही म्हणून अडत नाही.

यंत्र लावण्याचे काम आज पूर्वीइतके बिकट राहिलेले नाही. तथापि दोन-तीन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रिंटर केवळ तारेने एका संगणकास जोडून तो इतरांना वाटून दिला, तर तो पहिला संगणक चालू असेतोवरच इतरांस छापता येते. धनी निजला की यंत्रही निजले. त्यापेक्षा प्रिंटर सरळ राउटरशी जोडणे चांगले. मग राउटर त्यास एक पत्ता देतो, १९२.१६८ ने आरंभ होणारा. हा पत्ता भाड्याच्या घरासारखा असतो; वीज जाऊन आली, आणि वऱ्हाडात ती जातेच, की प्रिंटरास कधी कधी निराळा पत्ता मिळतो आणि सर्व संगणक जुन्या दारावर हाका मारीत बसतात. 'प्रिंटर सापडत नाही' ह्या नित्याच्या तक्रारीपैकी पुष्कळशी येथून उद्भवते. राउटरमध्ये तो पत्ता त्या यंत्रासाठी कायम राखून ठेवला म्हणजे ती मिटते. जुने प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरी ओळखतात, ५ च्या नव्हे. नवा राउटर आणल्यावर जुना प्रिंटर मुका झाला तर प्रथम तेथे पाहावे. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवले असेल तर त्यावरून प्रिंटर दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. यंत्राबरोबर आलेला मूळ पासवर्ड बदलण्यास मात्र कोणी विसरू नये. छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या विंडोजमधील व्यवस्थेत २०२१ साली असे एक मोठे छिद्र सापडले की त्यातून परका मनुष्य संबंध संगणकाचा ताबा घेऊ शके. ते बुजविण्यासाठी तातडीने दुरुस्ती काढावी लागली. ज्या दाराने सर्वांचे कागद जातात त्या दाराकडे चोराचेही लक्ष असते.

परंतु घरात चोराचा प्रश्न क्वचितच येतो. अकोल्यातील माझ्या एका स्नेह्यांच्या घरी जे घडले ते सांगतो. घरच्या मंडळींची अनुमती घेऊनच सांगतो. स्नेह्यांच्या मातोश्री सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या तपासणीचा अहवाल यावयाचा होता आणि तो चांगला नसेल अशी सर्वांना धास्ती होती. ठरले असे की आईंना इतक्यात काही सांगावयाचे नाही. पुण्यास असलेल्या नातवाने तो अहवाल तेथूनच, इंटरनेटवरून, अकोल्याच्या घरातील प्रिंटरकडे पाठविला, बाबांना तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेता यावा म्हणून. दुपारची वेळ, घरात सारे निजलेले. दिवाणखान्यात यंत्र एकाएकी घरघरू लागले, आणि जाग्या होत्या त्या एकट्या आजी. सून धावत बाहेर आली तेव्हा दोन्ही कागद त्यांच्या हातात होते.

"आई, तो कागद इकडे द्या, माझा आहे," सून म्हणाली.

"माहं नाव आहे त्याच्यावर," आजी चष्मा न काढता म्हणाल्या. "मग तुझा कसा?"

ह्या प्रश्नास त्या घरात कोणापाशीच उत्तर नव्हते. पुढले उपचार कोठे घ्यावयाचे, किती घ्यावयाचे, हे त्या दिवसानंतर आजींनी स्वतः ठरविले. आणि मुलाने मला सांगितले की आम्ही ठरविले असते तर त्याहून बरे ठरविले असते असे आता म्हणवत नाही. प्रिंटरात अशी सोय असते की चार आकडे दाबल्यावाचून कागद बाहेर पडूच नये. कचेऱ्यांतील यंत्रांत ती सर्रास असते, घरगुती यंत्रांपैकी काहींत असते. स्नेह्यांनी ती चालू करण्याचा विचार केला होता. आजींनी विचारले, आकडे कोणाकोणाला सांगणार? विषय तेथेच राहिला.

राहता राहिली मुद्रकाच्या नावाची गोष्ट. १८६७ चा तो कायदा स्वराज्यानंतरही कितीतरी वर्षे टिकला. २०२३ साली संसदेने नवा कायदा केला आणि १ मार्च २०२४ पासून तो अंमलात येऊन जुना कायदा रद्द झाला. घरातील प्रिंटरवर छापलेल्या कागदाच्या तळाशी आपण कोणी मुद्रक म्हणून नाव घालीत नाही, हे खरे. परंतु २००५ साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या संस्थेने झेरॉक्सच्या एका रंगीत लेसर यंत्राच्या पानावर पसरलेले अतिसूक्ष्म पिवळे ठिपके उलगडून दाखविले. त्यांत यंत्राचा अनुक्रमांक आणि छपाईची तारीख व वेळ नोंदलेली होती. बनावट नोटा छापणाऱ्यांस पकडता यावे म्हणून अनेक कंपन्यांनी ही योजना मुकाट्याने स्वीकारली होती. विकत घेणाऱ्यास तिचा पत्ताही नव्हता. ज्यांच्या घरी किंवा कचेरीत रंगीत लेसर प्रिंटर असेल त्यांनी एक रंगीत पान छापावे आणि त्याचा कोरा भाग अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली, चांगल्या भिंगातून पाहावा. ठिपके असल्यास ते काळसर दिसतात, ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा, पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.